पान एकशे बारा

माझी पहिली कादंबरी कोणीच वाचली नसती तर बरं झालं असतं. वाचली ती डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतल्या सखुकाकीने.

काकी सासष्ट वर्षांची. ब्याऐंशीच्या गिरणी संपात तिचा नवरा दत्तू सकाळी घरातून गेला तो परत आलाच नाही. पदरी मूल नाही. लोकांचे डबे करून तिने बेचाळीस वर्षं काढली, पण मंगळसूत्र उतरवलं नाही. कोणी ‘आता कसला येतोय तो’ म्हणालं की अशी कडाडायची, समोरचा गुमान जिना उतरायचा.

आणि मी शहाणा सॉफ्टवेअरवाला! माझ्या कादंबरीत बंद गिरणीच्या जागी टॉवर होतो, त्याच्या सर्व्हरमध्ये बिघाड होतो आणि इंजिनिअर थेट ब्याऐंशी सालात जाऊन पडतो. पान एकशे बारावर त्याला बॉयलरमागच्या हौदात एका बेपत्ता कामगाराचं प्रेत सापडतं. नाव मी बदललं होतं. पण खाकी शर्ट, डाव्या हाताचं तुटलेलं बोट, हे काकीकडून लहानपणी ऐकलेलं तसंच्या तसं घातलं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

पितृपक्षातली दुपार होती. घरोघरी म्हाळाचा स्वयंपाक, गच्चीवर कावळ्यांसाठी पानं. काकी पुस्तक घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

“विनीत, हौदाचा तुका कोणी सांगल्यान?”

“आईशप्पथ काकी, मनाने लिहिलंय.”

“माका खरा सांग. तेंचो म्हाळ घालू की नको?”

जित्या माणसाचा म्हाळ घालत नाहीत, म्हणून तिने इतकी वर्षं घातला नव्हता. आता माझ्या एका थापेवर ही बाई विधवा व्हायला निघाली होती.

“खोटं आहे गं सगळं!” मी ओरडलोच. पण मग हौदच का सुचला मला? एवढ्या मोठ्या गिरणीत जागा काय कमी होत्या? तेव्हा आठवलं. आम्ही पोरं बंद गिरणीत क्रिकेट खेळायचो. एकदा बॉल आणायला हौदाकडे गेलो, तर बाबांनी कानाखाली असा आवाज काढला होता की दोन दिवस ऐकू येत नव्हतं.

मी कॉटवर बसलेल्या बाबांकडे पाहिलं. तेही त्याच गिरणीतले. पुस्तक त्यांनीही वाचलं होतं. चार दिवस ते धड जेवत नव्हते. आम्ही म्हणत होतो, शुगर वाढली असेल. आता मात्र मला त्यांची भीती वाटली. त्यांनी तोंड उघडू नये असं वाटलं.

“वयनी, म्हाळ घाल,” बाबा म्हणाले. “दत्तू संप मोडून कामावर जाय होतो. आम्ही तिघांनी अडवलो. झटापटीत तो हौदात पडलो. आम्ही घाबरान पळालो.”

काकी उंबऱ्यावरच बसली. रडली नाही.

“पडले तेव्हा जिते होते?”

नाही म्हणा बाबा, मी मनात घोकत होतो, नाही म्हणा.

“तो हाका मारी होतो,” बाबा म्हणाले.