ट्यूबचे चार तुकडे

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुणाची फिर्याद कुठली आणि कुणाचा पंचनामा कुठला, हे सांगता यायचं नाही. पण कोल्हापुरातलं हे एक प्रकरण जसंच्या तसं लक्षात राहिलं आहे, कारण त्यात चूक माझी होती. संबंधित मंडळी हयात आहेत, म्हणून नावं देत नाही.

पावसाळ्याचे दिवस होते. पंचगंगा चढू लागली होती आणि आमचं निम्मं ठाणं पूरबंदोबस्ताच्या तयारीत होतं. अशात एक दूधडेअरीवाले फिर्याद घेऊन आले. रविवारी घरची मंडळी हातकणंगल्याला लग्नाला गेली होती. येताना त्यांच्या पत्नीने गळ्यातला कोल्हापुरी साज काढून डबीत घातला आणि डबी गाडीच्या पुढच्या खणात ठेवली. घरी आल्यावर ती काढायची राहून गेली. सोमवारी सकाळी गाडी गॅरेजला गेली, कारण ड्रायव्हरच्या बाजूची काच अडकत होती. संध्याकाळी ती परत आली. मंगळवारी डबीची आठवण झाली, तेव्हा डबी खणातच होती, आत साज नव्हता. साज डेअरीवाल्यांच्या वारलेल्या आईचा होता, त्यामुळे घरात रडारड झाली होती.

संशय कुणावर घ्यायचा हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. गाडी ज्याच्याकडे दिवसभर होती तो साठीला टेकलेला, मूळचा शाहूवाडीकडचा माणूस. गाडीच्या आतली कामं करायचा, म्हणजे दाराची पॅनेलं, छताचं कापड, सीटा. गॅरेजच्या गल्लीत त्याला नुसतं मिस्त्री म्हणत. मी जीप घेऊन गेलो आणि भर गल्लीतून त्याला चौकशीला घेऊन आलो. आजूबाजूचे सगळे हातातली कामं टाकून बघत होते. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

मिस्त्रीचं म्हणणं सरळ होतं. फक्त ड्रायव्हरचं दार उघडलं. पॅनेल ओढलं की आतल्या प्लास्टिकच्या क्लिपा तुटतात, त्या सात तुटल्या, सात नव्या बसवल्या. तुटलेल्या क्लिपा कागदात बांधून दाराच्या कप्प्यात ठेवल्या, कारण जुना माल गिऱ्हाइकाला परत द्यायची त्याची रीत होती. पुढच्या खणाला हातसुद्धा लावला नाही. मी हवालदाराला पाठवून बघितलं, तर पुडी खरंच होती. पण चोर साळसूदच दिसतो, हे मी नोकरीभर ऐकत आलो होतो, त्यामुळे पुडीने माझा संशय उलट वाढला.

त्यात खबऱ्याने बातमी आणली, की सोमवारी संध्याकाळी मिस्त्री गुजरीच्या सराफ बाजारात एका सोनाराच्या दुकानात दिसला. मी त्याच्यावर आवाज चढवला. तो म्हणाला, नातीचे कान टोचायला गेलो होतो. मी हसलो आणि विचारलं, मुहूर्त नेमका सोमवारचाच निघाला का? खरं तर एक शिपाई सोनाराकडे पाठवला असता तर अर्ध्या तासात उलगडा झाला असता. पण माणसं बंदोबस्ताला होती आणि माझी खात्रीही झाली होती. खात्री झालेल्या पोलिसासारखा आळशी माणूस दुसरा नाही.

दोन दिवस त्याला सकाळी बोलवायचो, बाकावर बसवायचो आणि संध्याकाळी सोडायचो. हात उचलला नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात कामाला आलेल्या दोन गाड्या मालकांनी ओढून नेल्या, असं त्याचा मुलगा ठाणे अंमलदाराला सांगून गेला. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीच म्हणाला, "साहेब, एकदा ती गाडी मला दावा. मी काय केलंय आणि काय न्हाय, ते गाडीच सांगंल."

दोन पंच घेऊन आम्ही डेअरीवाल्यांच्या दारात गेलो. मिस्त्रीने गाडीभोवती फिरत प्रत्येक पॅनेल अंगठ्याने दाबून बघितलं. डिकीत डाव्या बाजूचं पॅनेल दाबताच ते जरासं आत गेलं. त्याने खिशातली चपटी पट्टी सारून ते अलगद सोडवलं. मागे पोकळीत दुधाच्या पिशव्यांची एक गच्च बांधलेली पुडी होती. पुडीत साज होता.

डेअरीवाले उसळले. "बघा साहेब, जागा बरोबर ठाऊक हुती ह्याला. मागनं काढून न्यायचा बेत हुता."

मलाही क्षणभर तसंच वाटलं.  मिस्त्री स्वतःला सोडवायला आला आणि आपल्याच हाताने मुद्देमाल काढून बसला. पण त्याने पॅनेल उलटं करून माझ्यापुढे धरलं. तिथल्या चारही क्लिपा मोडलेल्या होत्या. त्यांच्या जागी सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून भोकांत कोंबले होते.

"माझ्या खिशात कायम नव्या क्लिपा असत्यात साहेब. मी ट्यूब कशाला कापत बसू? ही बसच्या वर्कशॉपातली जुनी रीत हाय. सामान मिळायचं न्हाय, तवा ती माणसं असं करायची. हा हात माझा न्हाय."

मी डेअरीवाल्यांकडे वळलो आणि घरात बसच्या वर्कशॉपात कुणी होतं का, असं विचारलं. त्यांनी घराकडे बघितलं. त्यांचे वडील तीस वर्षं बस डेपोत फिटर होते.

वडील आत कॉटवर चहा पीत बसले होते. घरात त्यांना अण्णा म्हणत. अलीकडे त्यांना विसर पडू लागला होता, तरी रोज सकाळी गाडी पुसायचं काम ते सोडत नव्हते. मी त्यांना चोरीबद्दल काही विचारलं नाही. ट्यूबची युक्ती कुणी शिकवली, असं विचारलं. म्हातारा खुलला. बसच्या खिडक्या कशा खडखडायच्या, ट्यूब घातली की आवाज कसा बंद व्हायचा, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. मग मी साज त्यांच्या हातावर ठेवला आणि तो डिकीत कशाला ठेवलासा, असं विचारलं.

त्यांनी साज अंगठ्याने पुसला.

"पाणी चढाय लागलंय न्हवं? मागं पाणी आलं तवा कपाट सोडून पळालो. हिच्या साड्या गेल्या, फोटू गेला. ह्यो तेवढा हिच्या गळ्यात हुता म्हणून ऱ्हायला. पाणी आलं की घरातनं पयली गाडी निघती, साहेब. म्हणून गाडीतच ठेवला. पुसताना खणात घावला, तिथनं कुणीबी न्हेल म्हणून मागं दडवला." मग मुलाकडे वळून म्हणाले, "तुला सांगितलं न्हवतं व्हय मी?"

मुलाने मान फिरवली. सूनबाई दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. मला त्या म्हाताऱ्याची माया आली आणि स्वतःची लाज वाटली. गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा अहवाल पुढे न्यायालयात गेला. नातीचे कान सोमवारीच टोचल्याचं सोनारानेही सांगितलं. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, पण माझे टोचायला मिस्त्री लागला.

त्याच दुपारी मी मिस्त्रीला जीपमधूनच गल्लीत परत नेलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की मिस्त्रीचा काडीचाही दोष नाही. लोकांनी माना डोलावल्या आणि आपापल्या कामाला लागले. सोबत आलेल्या डेअरीवाल्यांनी हात जोडले, तेव्हा त्यानेही हात जोडले. मी त्याला विचारलं, अजून काही करता येईल का?

"तुमची सोताची गाडी हाय न्हवं साहेब? ती आठ दिवस माझ्या दारात लावा. काम नसलं तरी चालंल."

माझी गाडी धडधाकट होती. संध्याकाळी मी ती त्याच्या दारात लावली, किल्ली सगळ्यांदेखत त्याच्या हातात दिली आणि आठ दिवस ठाण्यात चालत गेलो. माणूस चौकशीला आणायला जीपला दहा मिनिटं पुरतात. त्याला होता तिथं नेऊन ठेवायला किती दिवस लागतात, हे त्या चालण्यात मला समजलं. पुढच्या नोकरीत कुणालाही भर गल्लीतून उचलण्याआधी, त्याचा जो कुणी सोनार असेल त्याच्याकडे मी एक शिपाई पाठवत गेलो.

नवव्या दिवशी मिस्त्रीचा फोन आला. "साहेब, गाडी घिऊन जावा आता. कामाच्या गाड्या लावायला जागा पुरंना झालीया."