सायकल येते, उतरता येत नाही

आमच्या घरातली सायकल कोणत्या कंपनीची, असं कोणी विचारलं की मी म्हणायची, अर्ध्या कारंजा गावाची. फ्रेम एका निवृत्त पोस्टमनकडून घेतलेली, काळी, उंच आणि दणकट. पुढचं चाक एका दूधवाल्याच्या सायकलीचं, मागचं भंगारातून किलोच्या भावानं आणलेलं. मडगार्डं दोन रंगांची. सीट चामड्याची, खाली जाड स्प्रिंगा असलेली. ती माझ्या नवऱ्यानं अकोल्याच्या जुन्या बाजारातून एसटीनं आणली आणि सगळ्या वाटेत मांडीवरून खाली ठेवली नाही. आमच्या मुलाला यांनी कधी एवढा वेळ मांडीवर घेतल्याचं मला आठवत नाही.

हे जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. सुट्टीच्या दिवशीही हातांना चैन नसायची. अंगणात पोतं अंथरायचं, सायकल उलटी करायची आणि दिवसभर काढघाल. मी शाळेत बाई, त्यामुळे घरी तपासायच्या वह्यांचा ढीग. तेवढ्यात बाहेरून हाक यायची, "मॅडम, तो लहान पाना द्या जरा." चिडवायचं असलं की हे मला मॅडम म्हणत. गावात सगळ्यांनी मोटारसायकली घेतल्या, आमच्या शेजाऱ्यानं कार घेतली, आणि हे आपले सकाळी त्या बारा गावच्या सायकलीवर ताठ बसून कामाला निघालेले. माझा जळफळाट व्हायचा. पण सायकलीवर दिसायचे छान, तेही खरं आहे.

निवृत्तीनंतर यांच्या डाव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला. पुढे सही बारीक होत गेली, मग चाल बिघडली. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांवर काही वर्षं बरी गेली. नंतर पाय जागच्या जागी चिकटायला लागले. स्वयंपाकघरातून बाहेर यायचं तर उंबऱ्यापाशी अंग पुढे झुके आणि पाय मात्र तिथेच. मी फरशीवर खडूनं आडव्या रेघा मारल्या. रेघ ओलांडा म्हटलं की पाऊल उचललं जायचं. घरभर रेघा झाल्या. पाहुणे विचारायचे, लहान मुलं आली आहेत का?

अशातच एका सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. हे ओट्याशी टेकवलेल्या सायकलीचं हँडल धरून उभे होते. मला वाटलं, आधाराला धरलं असेल. मागे वळते तर हे ओट्यावरून सीटवर बसलेले, आणि पाहता पाहता फाटकाबाहेर. हातात ओला परकर तसाच घेऊन मी गल्लीतून धावले. पुढे हे सरळ रेषेत चालले होते. पाठ ताठ, पाय गरगर फिरताहेत, हात स्थिर. घरात ज्या माणसाला चार पावलं टाकायला मी हाताला धरून एक दोन, एक दोन म्हणत होते, तोच हा माणूस. गल्लीच्या टोकाला मात्र यांना उतरता येईना. शेवटी लाइटीच्या खांबाला मिठी मारून उभे राहिले, सायकल मांड्यांच्या मध्ये. मी पोचले तेव्हा हसत होते. या आजारात चेहराही गोठून जातो. तो हसलेला पाहून मला रागावताच आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, असं काहींचं होतं. चालणं जातं आणि सायकल राहते. का, ते नक्की सांगता येत नाही. पण पडले तर हाड मोडेल, तेव्हा सांभाळा.

मग आम्ही ती सायकल पुन्हा बनवली. या वेळी पाना माझ्या हातात होता आणि हे खुर्चीवरून सांगायचे. लहान चाकं बसवली, एका शाळकरी मुलीच्या जुन्या सायकलीची, म्हणजे पाय जमिनीला टेकावा. सळईचे ब्रेक दाबायला जोर लागायचा, ते काढून तारेचे लावले. सीट तीच ठेवली, फक्त खाली घेतली. राहिला मधला दांडा. त्यावरून टांग जाईना. वेल्डिंगवाला म्हणाला, कापतो आणि लेडीज सायकलीसारखा खालून पाइप जोडतो. इतक्या वर्षांत पोस्टमनची ती फ्रेम यांनी कोणाला खरवडू दिली नव्हती. मी यांच्याकडे पाहिलं.

"काप," हे म्हणाले. "मले चढाचं हाय, मिरवाचं नाही."

आणि तोंड फिरवून बसले. वेल्डिंगच्या उजेडाकडे पाहू नये म्हणे.

पुण्याहून मुलानं व्यायामाची सायकल पाठवली, एका जागी उभी राहून फिरवायची. हे एकदाच बसले. दहा मिनिटं फिरवून मला म्हणाले, "हे कुठी जाते?" मी म्हटलं, कुठेच नाही. "मंग मले उतरव." तिच्यावर आता चादरी वाळतात.

आमच्या घरामागेच बाजार समितीचं आवार आहे. सकाळी गाड्या यायच्या आधी तिथलं सिमेंटचं मैदान मोकळं असतं. मी यांना हाताला धरून तिथवर न्यायची, सायकल दुसऱ्या हातानं. तेवढंसं अंतर, पण जीव जायचा. एकदा बसवलं की हे निघाले. शेडला वळसा घालून पुन्हा समोर, पुन्हा वळसा. तिथे यांना माझी गरज नसायची. मी पायरीवर बसून नुसतं पाहायची. दिवसातला तेवढाच वेळ मी कोणी नर्स नव्हते आणि हे पेशंट नव्हते.

उतरायची वेळ आली की मात्र मी लागायची. थांबता थांबता यांचे पाय पॅडलवर गोठायचे आणि सायकल कलायची. मी शेडच्या ओट्यालगत उभी राहून हँडल दोन्ही हातांनी पोटाशी धरायची, मग यांचा एक पाय उचलून ओट्यावर ठेवायची, मग दुसरा. माझंही वय काही कमी नाही. पण जमत होतं.

एक दिवस जमलं नाही. हे समोरून नेहमीपेक्षा जोरात आले. हँडल अचानक वळलं, मी हात पुढे केले आणि सायकलीसकट हे माझ्यावर आले. माझं मनगट मोडलं, त्याचा आवाज मला ऐकू आला. यांना खरचटलं फक्त. पण उठता येईना. तसेच आडवे पडून हे माझ्या हाताकडे पाहत राहिले. शेवटी हमालांनी आम्हा दोघांना उचललं.

प्लास्टर निघाल्यावर मी पहिलं काम केलं ते चाकांत हवा भरून आणायचं.

"चला," मी म्हटलं.

"नाही."

"काहून नाही?"

"पायात जोर नाही आता."

साफ खोटं. पलंगाच्या काठावर बसल्या बसल्या यांचे पाय नीट हलत होते, मला दिसत होतं. मी रागावले, अबोला धरला, जेवायला वाढताना ताट आपटलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी मी त्या हमालांपैकी एका धिप्पाड माणसाला विचारून आले. तो रोज सकाळी धरायला तयार झाला.

"तो धरते म्हणे," मी यांना सांगितलं. "तुमी फक्त बसा."

"अन् तू?"

"मी राहीन बाजूले उभी."

"तू नाही राहत बाजूले." यांचं बोलणं आता फार हळू येतं. मी कान जवळ नेला. "त्या दिवशी हँडल वळलं तं मले सारं दिसून राह्यलं होतं. हात ब्रेकवर जाऊनच नाही राह्यला. मी म्हटलं आता तू सरकशीन, आता सरकशीन. तू सरकलीच नाही."

"मी कायले सरकीन?"

"म्हणूनच," हे म्हणाले.

हमाल असो की पहिलवान, सायकल कलली तर मध्ये मीच जाणार, हे यांना माहीत होतं आणि मलाही. मी यांच्यासमोरच बसून रडले. यांनी थरथरता हात माझ्या वाकड्या जुळलेल्या मनगटावर ठेवला.

चालणं आजारानं नेलं. सायकल यांनी स्वतः सोडली, चांगली येत असताना, माझ्यासाठी. बहीण म्हणते, नशीबवान आहेस, या वयात नवरा एवढं जपतो. असेन. मला माझा नवरा सायकलवर हवा होता.