पुठ्ठापूरचे चिंचोके

पुठ्ठापूर हे गाव बीड जिल्ह्याच्या नकाशात शोधून सापडायचं नाही. ते होतं मांजरसुंब्याच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर, एका छोट्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत, दोन जुन्या टेबलांवर. सलाइनच्या खोक्यांची घरं, इंजेक्शनच्या डब्यांची दुकानं, एक्स-रेच्या काळ्या फिल्मा कापून केलेला डांबरी रस्ता, आणि मधोमध पोत्यावर प्लास्टर ओतून केलेला घाट. घाटाच्या अलीकडं दोन खाटांचा दवाखाना. पलीकडं मोठं ट्रॉमा सेंटर, त्याच्या छपरावर लाल नेलपॉलिशनं काढलेली फुली. ही सगळी नगरी शहादेवनं वसवली होती, आणि कुणी तिला 'खेळणं' म्हणालं की गडी असा चिडायचा की विचारू नका.

शहादेव नेकनूरचा. वय छप्पन्न. कागदावर कक्षसेवक, तोंडानं सगळ्यांचा काका. तीस वर्षं स्ट्रेचर ओढून ओढून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर वैष्णवी मॅडम बदलून आल्या, युसूफ वडगावच्या लेकीच त्या. पहिल्याच महिन्यात एक ट्रक उलटला आणि दवाखान्यात असा गोंधळ माजला की जो जास्त ओरडला त्याला आधी उचललं आणि जो गप पडला होता तो गपच राहिला. दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "काका, गोंधळ व्हायचाच असेल तर आधी टेबलावर होऊ द्या. मला एक गाव करून द्या."

त्या गावातली माणसं म्हणजे चिंचोके. लाल रंगवलेला म्हणजे आत्ता नेला तर वाचेल. पिवळा म्हणजे थोडा दम धरेल. हिरवा म्हणजे चालता-बोलता. काळा म्हणजे चादर ओढायची आणि पुढं व्हायचं. अँब्युलन्स म्हणजे काडेपेटी, तिच्यात दोनच चिंचोके न्यायचे. मॅडम टेबलावर मूठभर चिंचोके उधळायच्या, घड्याळ लावायच्या आणि म्हणायच्या, "चला, कोण आधी?"

पहिले सहा महिने शहादेव हरला. कुणाला 'तू थांब' म्हणायला त्याची जीभच रेटेना. मग तो एकदम जिंकायला लागला, आणि मॅडमना संशय आला. त्यांनी काही हिरव्या चिंचोक्यांच्या पोटाला लाल रंग लावायला सांगितला होता. वरून धडधाकट, आतून रक्त वाहणारी माणसं ती. दर दहा मिनिटांनी प्रत्येक हिरवा उलटून बघायचा, हा नियम. पण रंगवणारा कोण? शहादेवच. कोणत्या चिंचोक्याच्या पोटात लाल आहे हे त्याला टवक्यावरून पाठ होतं. न उलटताच बरोबर उचलायचा, लबाड!

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, खरी माणसं तुम्ही रंगवलेली नसतात."

हे वाक्य त्याला झोंबलं, पण तेवढ्यापुरतं.

मग तो दिवस आला. नेकनूरचा बाजार होता, सकाळचे अकरा वाजले होते. घाटाच्या तोंडाशी खडी भरलेल्या टिप्परनं माणसांनी खच्चून भरलेल्या काळ्या-पिवळ्या जीपला कुशीत धडक दिली. आवाज दवाखान्यापर्यंत आला. ढाब्यावरच्या लोकांनी जेवणं टाकली आणि मिळेल त्या गाडीत घालून जखमी आणले. पंधरा मिनिटांत दवाखान्याच्या आवारात नऊ माणसं. डॉक्टर एक, नर्स एक, अँब्युलन्स एक. दुसरी येणार होती केजकडून, तासाभरानं.

एका म्हाताऱ्याचं डोकं फुटलं होतं, श्वास घरघरत होता. मॅडम त्याला घेऊन आत पळाल्या. जाता जाता चिंचोक्यांच्याच चार रंगांच्या फितींची पिशवी त्यांनी शहादेवच्या छातीवर आपटली. "काका, बाहेर तुम्ही. पुठ्ठापूर आठवा."

त्याला आठवलं, आणि तो कामाला लागला. गर्दीला त्याने पहिली शिवी हासडली ती पाणी पाजण्यावरून. "ए, पानी न्हाई पाजायचं कुनाला! लई पुण्य कमवायचंय तर मागं सरका! आपरेशनची पाळी आली तर त्याच पान्यानं जीव जाईल त्याचा!" मग एकेकाजवळ बसला. श्वास, नाडी, बोलतो का. जीपचा ड्रायव्हर संपलेला होता. शहादेवनं त्याच्या पायाला काळी फीत बांधली, गाठ मारली आणि उठला.

विजयसिंह नावाचा बाजार समितीचा पुढारी, मागून मोटारसायकलवर येत होता, तोही सापडला होता. कोपराखालचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं. त्याच्या ओरडण्यानं आवार दणाणत होतं, भोवती चार कार्यकर्ते. "आधी भैय्यांना घ्या!" शहादेवनं त्याची दुसऱ्या हाताची नाडी धरली. चांगली टणटण चालली होती. "पिवळा," तो म्हणाला आणि फीत बांधली. "हे बघा, म्हाताऱ्याबरोबर दुसरी जागा यांचीच हाय. पन आधी म्हातारा."

आणि मग त्याला आम्रपाली दिसली.

आम्रपाली म्हणजे त्याची सून. सौरभची बायको. सौरभ पुण्याला कंपनीत, ही नेकनूरला सासू-सासऱ्यापाशी, आणि आज माहेरी निघाली होती. जीपमधून ती स्वतःच्या पायांनी उतरली होती. कडेवर कुणा जखमी बाईचं तान्हं लेकरू. डोक्यावर पदर नीट, कपाळापर्यंत.

शहादेव दोन ढांगांत तिच्यापाशी गेला. "बाई, तू?"

"मला काय न्हाई झालं, मामा," खाली बघून ती म्हणाली. "तुमी त्यांचं बघा."

सात वर्षांत ती त्याच्याशी बोलली ते एवढंच. 'चहा ठिवलाय', 'आत्या बोलवतेत', 'मला काय न्हाई'. घरात त्याने कधी तिला पदर घे म्हटलं नव्हतं. पण गावाची रीत, तिच्या माहेरची रीत. सासऱ्यासमोर सून उघड्या डोक्यानं येत नाही आणि आपलं दुखलंखुपलं सांगत नाही. तो ओसरीवर आला की ती आत जायची. हा आदर असतो, असं तो समजत आला होता.

त्याने तिच्या हातात हिरवी फीत दिली. बांधली नाही, नुसती दिली, आणि तिला लिंबाच्या पारावर बसवलं. खरं सांगायचं तर त्याला थोडा अभिमानही वाटला. सगळ्या आवारानं बघितलं, शहादेवनं आपल्या सुनेला बाजूला बसवलं, आपला-परका केला नाही. माणसाला असल्या वेळीही फुशारकी सुचते, काय म्हणावं!

दहा मिनिटांनी त्याने हिरव्यांची फेरी मारली. एक कॉलेजची पोरगी, एक भाजीवाला, ढोपरं फुटलेल्या दोन बाया. प्रत्येकाची नाडी धरली, पोट दाबलं, विचारलं. पारापाशी आला तेव्हा थबकला. सासऱ्यानं सुनेचं मनगट कसं धरायचं? पोटाला हात लावायचं तर नावच नको. चारचौघात लोक काय म्हणतील? "बरी हाय ना गं?" त्याने लांबूनच विचारलं.

"हाव. थोडं पानी मिळंल का?"

"पानी न्हाई द्यायचं कुनाला." तो पुढं गेला.

वीस मिनिटं झाली. बजरंग ड्रायव्हरनं अँब्युलन्स दाराशी लावली. आतून मॅडम हाताने श्वास देणारा फुगा दाबत म्हाताऱ्याला बाहेर आणायच्या तयारीत होत्या. कार्यकर्त्यांनी विजयसिंहाला उचलून गाडीत आडवं केलं. सगळं पुठ्ठापुरातल्यासारखं शिस्तीत चाललं होतं.

शहादेवनं पारावर नजर टाकली. आम्रपालीच्या मांडीवरच्या लेकरानं पदराशी झोंबत तो डोक्यावरून खाली ओढला होता. शहादेवनं नजर वळवली. तशी सवयच होती त्याला. पोर आहे, ओढायचंच. आता सावरेल.

त्याने पुन्हा बघितलं. पदर खांद्यावरच. तिचे केस मोकळे, कपाळ उघडं, आणि ती सरळ त्याच्याकडंच बघत होती. लाज नाही, गडबड नाही, काही नाही. चेहरा चुन्यासारखा पडलेला.

सात वर्षांत जे एकदा घडलं नव्हतं ते घडलं होतं, आणि तिला ते कळतही नव्हतं.

शहादेव धावला. छप्पन्न वर्षांचा माणूस, मोडका खांदा, पण असा धावला की वाटेतलं सलाइनचं स्टँड आडवं झालं. लेकरू त्याने जवळच्या बाईकडं दिलं आणि जन्मात पहिल्यांदा सुनेचं मनगट धरलं. हात गार, घामानं ओलाचिंब. नाडी सापडेना. सापडली ती धाग्याएवढी बारीक आणि लगालगा पळणारी. घड्याळ लावून मोजली. एकशे बत्तीस.

"कुठं लागलं, बाई? सांग. खरं सांग."

"मामा... पानी..." तिचा डावा हात बरगडीखाली घट्ट होता. पहिल्यापासून तिथंच होता. लेकराला धरलंय असं त्याला वाटलं होतं.

त्याने पोटाला हात लावला. लाकडासारखं कडक.

"बजरंग! थांब! गाडी हलवू नको!" तो ओरडला. पिशवीतली लाल फीत काढून तिच्या मनगटाला बांधली आणि गाडीच्या दारात जाऊन उभा राहिला. "भैय्यांना खाली घ्या."

मग एक कार्यकर्ता अंगावर आला. "कावून बे? आत्ताच तर तूच चढीवलंस! सून दिसली म्हनून आमचा मानूस खाली?"

"सूनच हाय ती," शहादेव म्हणाला. "मगाशी मीच हिरवी केली. चुकलो."

"चुकलो म्हनं! वा रे वा! घरचं आलं की ह्याचे रंग बदलतेत!"

गर्दीतही कुजबुज झाली, आणि ती त्याच्या पाठीत सुईसारखी शिरली. कारण त्यांच्या जागी तो असता तर त्यानेही तेच म्हटलं असतं. वीस मिनिटांपूर्वी त्यानेच सगळ्यांना दाखवून दिलं होतं, इथं आपला-परका नाही. आता कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि खरंच आपल्या मायेनं आपले डोळे फिरले नसतील कशावरून? त्याने घाबरून पुन्हा मनगट आठवलं. एकशे बत्तीस. माया नाडी वाढवत नाही.

कार्यकर्त्यानं त्याची कॉलर धरली. शहादेवनं दाराची दांडी सोडली नाही. "मारा," तो म्हणाला. "पन मारून झालं की त्यांना उतरवा. हात मोडलेला मानूस तासभर थांबतो, साहेब. ही न्हाई थांबायची."

तेवढ्यात म्हाताऱ्याचं स्ट्रेचर बाहेर आलं, फुगा दाबत मॅडम बाजूनं. त्यांचे दोन्ही हात अडकलेले. एका नजरेत त्यांनी कॉलर बघितली, लाल फीत बघितली.

"काका, सून म्हणून?"

"न्हाई मॅडम." त्याचा आवाज फुटला. "पदर पडला तिचा. माझ्यासमोर. अन् तिनं सावरला न्हाई."

मॅडम युसूफ वडगावच्या, याच मुलखातल्या. त्यांना पुढं काही सांगावं लागलं नाही. एकदा त्यांनी पाराकडं पाहिलं, उघड्या डोक्यानं बसलेल्या त्या पोरीकडं, आणि म्हणाल्या, "त्यांना उतरवा. तिला घ्या. बीडला फोन लावा, पोटात रक्त आहे, ऑपरेशनची तयारी ठेवा म्हणावं."

विजयसिंहाला उतरवलं. तो शिव्या देत उतरला आणि केजची गाडी येईपर्यंत, बावन्न मिनिटं, शिव्या देत बसला. एवढ्या शिव्या द्यायला माणसाच्या अंगात रक्त लागतं, हे शहादेवला माहीत होतं.

तो गाडीत चढला नाही. आवारात अजून पाच माणसं होती आणि फिती त्याच्याकडं होत्या. घाटात सायरनचा आवाज विरेपर्यंत तो उभा राहिला, मग वळून पुन्हा हिरव्यांच्या फेरीला लागला. या वेळी एकही सोडला नाही. ढोपरं फुटलेली बाई वैतागून म्हणाली, "आवं, मगाशीच तर बघितलं!" "पुन्हा बघतो," तो म्हणाला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलंही नाही.

बीडला आम्रपालीची प्लीहा काढली. दोन बाटल्या रक्त तर पोटातच साठलं होतं. तिथले डॉक्टर मॅडमना फोनवर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं. म्हाताराही वाचला. विजयसिंहाच्या हातात सळई बसली आणि त्यानं वर तक्रार केली. चौकशीला साहेब आले तेव्हा शहादेवनं स्वतःहून लिहून दिलं की पहिल्यांदा रंग चुकला आणि चूक त्याचीच. "दुसऱ्यांदा बदलला ते कशावरून?" साहेबांनी विचारलं. "नाडीवरून," त्याने लिहिलं. पदराचं त्याने कागदावर घातलं नाही.

तीन आठवड्यांनी आम्रपाली घरी आली. सौरभ रजा काढून आलेला, तो औषधं आणायला गेला होता. मनकर्णा, शहादेवची बायको, चुलीपाशी होती. शहादेव ओसरीवरून आत डोकावला तशी आम्रपालीची घाई उडाली, उठून बसायची आणि डोक्यावर पदर घ्यायची.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "पदर घे, नको घेऊ, तुझी मर्जी. माझं एक ऐक बाई. त्या दिवशी मी समद्यांच्या नाड्या धरल्या. तुझी धरली न्हाई. लाज वाटली मला. लोकं काय म्हनतील म्हनून तुला मरायला बसवलं व्हतं मी पारावर."

उठता उठता तिच्या टाक्यांतून कळ गेली, चेहरा वेडावाकडा झाला. त्याने विचारलं, "काय झालं?"

"काय न्हा..." सात वर्षांची सवय ओठांपर्यंत आली आणि तिथंच थांबली. पदराचं टोक हातात तसंच राहिलं. तिने मान वर करून सासऱ्याकडं बघितलं.

"दुखतंय, मामा," ती म्हणाली. "लई दुखतंय."

"कुठं?" म्हणत शहादेव तिच्याशेजारी खाली बसला, आणि त्याने मनगट धरायला हात पुढं केला.