घरचा आख

आमच्या घराला गावात कोणी घर म्हणत नसे. भंगारवाल्याकडे, असेच म्हणत. वाट सांगायची तरी भंगारवाल्याच्या पुढून डावीकडे. मी लग्न होऊन नंदुरबारला आले तेव्हा मला याचा राग येत नव्हता, कारण माझे वडील लोहार होते आणि लोखंडाच्या घरात लोखंडाच्या घरची मुलगी आली एवढेच मला वाटले. राग पुढे आला. तो अजून आहे. कोणाला दाखवायचे नाही म्हणून इथे लिहिते. समोर कोणी असले की माझ्या तोंडून शब्द निघत नाही, हे लहानपणापासूनचे आहे.

लढाई चालू होती. नवे लोखंड मिळेनासे झाले, मोटारीचे सामान तर पाहायलाही नाही. त्यामुळे जुन्याला भाव आला आणि चोऱ्या सुरू झाल्या. मिरचीच्या दिवसांत बाजारात गाड्याच गाड्या उभ्या असत. माणूस जरा आडवा झाला की चाकाचा खिळा गेलेला, कधी चाकावरची लोखंडी धाव गेलेली. एका आडत्याच्या लॉरीचा भोंगा आणि पुढचा दिवा एकाच रात्री गेला. गावाने लगेच ठरवले की हे सगळे आमच्याकडे येते.

काही येतही असेल. विकणारा कपाळावर चोर लिहून येत नाही. पण मला जे माहीत आहे ते असे. विकणारे पुढच्या दाराने येत आणि घेणारे मागच्या दाराने. मागचे दार स्वयंपाकघराकडे, म्हणून ते मी उघडत असे. डोक्यावरचा पदर पुढे ओढून मी वस्तू हातावर ठेवायची आणि आत जायचे. तो लॉरीवाला आडत्या स्वतः दोनदा आला, एकदा दिव्यासाठी, एकदा पान्यासाठी. हे कोणाचे होते, असे त्याने एकदाही विचारले नाही. स्वस्त आहे का, एवढेच विचारले. आणि भंगारवाल्यांवर कायदा बसवा म्हणून गावाने अर्ज केला त्यात पहिली सही त्याचीच होती.

मग हुकूम आला. हवालदाराने तो आमच्या ओट्यावर उभे राहून मोठ्याने वाचला, म्हणजे गल्लीलाही ऐकू जावा. जुने लोखंड घेणाऱ्याने परवाना काढायचा. गाडीचा, टांग्याचा, मोटारीचा कुठलाही भाग घेतला की वहीत लिहायचा आणि पुढे ‘कोणाकडून घेतला’ त्या माणसाचे नाव. आठ दिवस तो भाग तोडायचा नाही, वितळवायचा नाही, दुकानाच्या भिंतीवर सगळ्यांना दिसेल असा टांगायचा. वही एकाच हाताने लिहिलेली पाहिजे आणि लिहिणाऱ्याची सही पाहिजे. आज घरात गाडीचे जे जे लोखंड आहे तेही सगळे लिहून काढायचे, तरच परवाना.

घरधन्यांना लिहिता येत नव्हते. सासूबाईंना माझी चौथी इयत्ता कधी आवडली नव्हती. त्या म्हणाल्या, “शाळा शिकेल शे ना? मंग कर आते कारकुनी.”

मी लिहायला बसले. घरधनी एकेक वस्तू आणून दाखवत आणि कोणाकडून आणली ते सांगत. सगळे झाले तेव्हा ते जात्यामागे गेले आणि आमच्या स्वतःच्या गाडीचा आख घेऊन आले. आख म्हणजे दोन चाकांमधून जातो तो दांडा. आमची एकबैली गाडी होती, तिच्यावर सुया, मणी, मीठ घालून घरधनी खांडबाऱ्याच्या बाजारापर्यंत जात आणि बदल्यात जुने लोखंड आणत. बैल मेल्यामुळे ती मोडून ठेवली होती. तो आख माझ्या वडिलांनी घडवून आम्हाला दिला होता. त्याच्या नंतरच्या उन्हाळ्यात ते गेले. नवा बैल घेतला की गाडी पुन्हा जोडायची, असे ठरलेले होते. आमचे पोट त्या आखावर होते, दुकानावर नव्हते.

“हाऊ त आपला शे,” मी हळूच म्हटले.

“बठं लिख म्हने हवालदार,” घरधनी म्हणाले. “लपाडा अस नको व्हवाले.”

सरकारी हुकमाला घाबरलेला माणूस आपल्या घरातली वस्तूही चोरीच्या मालाशेजारी आपण होऊन टांगतो. मी लिहिले, ‘गाडीचा आख, एक.’ पुढे कोणाकडून घेतला, तिथे काही लिहायचे नव्हते म्हणून मोकळे सोडले.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपुढे जत्रा. ज्यांचे गेले होते ते आले आणि ज्यांचे काही गेले नव्हते तेही आले. मी आत ज्वारी निवडत ऐकत असे.

“हाऊ खिळा मन्हा शे.”

“तुन्हा? तुन्हा घर गाडी तरी शे का?”

“गाडी नही, पन खिळा व्हता.”

सगळे हसत. घरधनीही हसत, काय करणार. कोणी वाद वाढवला की ते खिळा काढून देऊन टाकत, कारण तक्रार झाली तर परवाना गेला. दिवसाढवळ्या भिंतीवरून नेलेल्या मालाला चोरी म्हणत नाहीत, एवढा फरक होता.

तिसऱ्या दिवशी आडत्या आला. भिंतीवर त्याच्या लॉरीचे काही नव्हते. मग त्याने आखावर छडी टेकवली.

“हाऊ आख मन्हा गाडाना शे. मांगली दिवाळीले चोरी गया तो.”

“शेठ, हाऊ मन्हा सासरानी दियेल शे,” घरधनी म्हणाले.

हवालदार त्याच्याबरोबरच आला होता. त्याने वही मागवली, बोट फिरवत ओळ शोधली. “इथं नाव नाही. रकाना मोकळा का?”

“विकत लेयेल नही साहेब. सासरानी दिन्हा.”

“मग सासऱ्याला बोलाव.”

“त्या मरी गयात.”

“पावती?”

“साहेब, बाप पोरले देस त्यानी पावती ऱ्हास का?”

लोक हसले. हवालदाराला ते आपल्यालाच हसले असे वाटले. त्याने वही मिटली. म्हणाला, ज्या मालाला विकणारा नाही तो चोरीचा. बाजाराच्या आधी रकाना भर, नाहीतर आख शेठकडे आणि परवान्याचे नाव काढू नको. मग शेठ पुढे गेल्यावर तो खाली वाकून म्हणाला, “एखाद्या पावऱ्याचं नाव टाक की. डोंगरात कोण बघायला जातो? वही भरली की माझं काम झालं. मग शेठचं म्हणणं शेठपाशी.”

एखादा पावरा म्हणजे कोण ते घरात सगळ्यांना ठाऊक होते. पावरे म्हणजे सातपुड्याच्या डोंगरातले आदिवासी; आमच्याकडे त्यांच्यातला एकच येई. धडगावच्या वरचा, दर हिवाळ्यात कामाला खाली उतरणारा. झिजलेला फाळ, फुटकी कुऱ्हाड असले काहीतरी पोत्यात घेऊन येई. ओट्याच्या खालीच बसे, वर ये म्हटले तरी येत नसे. त्याच्याजवळ गाडी नव्हती आणि त्याच्या गावी गाडीची वाटही नव्हती. त्याच्या नावापुढे गाडीचा आख लिहायचा. मग शेठ म्हणणार माझा चोरीला गेला, हवालदार म्हणणार विकणारा सापडला, आणि तो बाजाराला आला की त्याला धरणार. त्याला कोणी सोडवायला येणार नव्हते. हे समजायला चौथी इयत्ताही लागत नाही.

दिवे लागले तशी वही माझ्यापुढे आली.

“लिख,” घरधनी म्हणाले.

मी टाक हातात धरला आणि लिहिले नाही.

“काय व्हयनं?”

सासूबाई चुलीजवळून म्हणाल्या, “एक नाव लिखाले हात मोडी पडी ऱ्हायना का तुन्हा? तो तुन्हा कोन लागस? मावसभाऊ शे का?”

“माय, तू थांब,” घरधनी म्हणाले, आणि मला म्हणाले, “आख गया त गाडी गयी. परवाना गया त दुकान गयं. मंग खावानं काय, हाई वही? पाया पडू का तुन्हा?”

ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला कधी मारले नाही, त्या दिवशीही नाही. पण त्यांना तो पावरा डोळ्यांपुढे दिसत नव्हता आणि मला दिसत होता, एवढेच. मी मान खाली घालून मोकळ्या जागेत लिहिले, ‘घरचा. विकत घेतला नाही. माझ्या वडिलांनी घडवून दिला.’ खाली सही केली. घरधन्यांना वाटले नाव लिहिले. त्यांनी वही फडक्यात बांधून ठेवली.

दुसऱ्या दिवशी घरधनी वही चौकीवर घेऊन गेले आणि तिथून मला बोलावणे आले. मी त्यापूर्वी तिथे गेले नव्हते, कोणाची बायको जात नसे. सगळी गल्ली दारात उभी. खुर्चीत नवे फौजदार, बाजूच्या बाकावर आडत्या, दाराशी हवालदार. घरधनी माझ्याकडे बघत नव्हते.

“बाई, हे तुम्ही लिहिलंत?” फौजदारांनी विचारले.

मी मान हलवली.

“तोंडानं सांगा.”

“हो.”

“आख वडिलांनी केला?”

“हो.”

“त्यांनी लोखंड कुठून आणलं?”

याचे उत्तर कोणत्या मुलीजवळ असते? सुताराच्या मुलीला विचारा पाटाचे लाकूड कुठल्या झाडाचे.

“दखा साहेब,” आडत्या म्हणाला. “मन्हा आख तोडीसन नवा करा त्या लोहारनी. चोरी व्हयनी तिले दोन तीन वरीस व्हयनात.”

भिंतीपुढे तो मागली दिवाळी म्हणाला होता. मागल्या दिवाळीला माझे वडील जिवंत नव्हते. म्हणून त्याची चोरी आता त्यांच्या मरणाच्या अलीकडून पलीकडे सरकली. हवालदाराने दोन्ही वेळा ऐकले होते. घरधन्यांनीही ऐकले होते. दोघे भिंतीकडे बघत राहिले. हे मी सांगायला हवे होते, पण चार पुरुषांपुढे माझा आवाज फुटला नाही, आणि फुटला असता तरी तो आडत्या त्यांच्या बाकावर बसलेला होता.

फौजदारांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मला तो ऐकू आला. कोणाला धरायला नको, शोधायला नको. विकणारा सापडला आणि तो मेलेलाही होता. ते म्हणाले, “लिहा बाई. कोणाकडून घेतला, अमुक लोहार, मयत.”

मी टाक उचलला नाही. मग त्यांनीच वही ओढली, माझी ओळ एका रेघेने खोडली आणि वर आपल्या अक्षरात माझ्या वडिलांचे नाव लिहिले. खाली घरधन्यांचा अंगठा घेतला. आमच्या घरधन्यांनी नकळत घेतला असे ठरले म्हणून परवाना मिळाला. आख आडत्याचा माणूस खांद्यावर घालून घेऊन गेला.

गाडी पुन्हा जोडली गेली नाही. घरधनी पुढे बरीच वर्षे खांद्यावर पोते घेऊन खेड्यांतून हिंडले.

वडिलांची भट्टी माझा भाऊ चालवत होता. वहीत नाव चढले म्हणून पोलीस तिकडे गेले, भट्टी उकरली, तुकडान्‌तुकडा बाहेर काढून गावापुढे मांडला. काही सापडले नाही. पण मग गावाने त्याच्याकडे काम द्यायचे थांबवले. नंतरच्या एका बाजाराच्या दिवशी भाऊ आमच्याकडे आला. पावराही तेव्हाच आला होता, ओट्याखाली बसून पोत्यातून फाळ काढत होता.

सासूबाईंनी भावापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. त्याने तो पायाने बाजूला सारला.

“बाले चोर करी टाका तू.”

“मी इतलंच लिखं, आख बानी बनाडा,” मी म्हटले. भावापुढे मला बोलता येत असे.

“कोनी सांगं व्हतं लिखाले? येखादा पावरानं नाव लिखी देती. काय जातं तुन्हं?”

तो मोठ्याने बोलत होता. पावऱ्याला आमची बोली थोडी कळत असे, आणि तो शब्द तर त्याचाच होता. त्याने वर पाहिले. आधी भावाकडे, मग घरधन्यांकडे, मग वहीकडे. माझ्याकडे नाही. फाळ परत पोत्यात घातला, पोत्याला पीळ दिला आणि उठून चालू लागला. घरधन्यांनी हाक मारली, त्याने मागे पाहिले नाही.

“ल्या. तो बी गया,” सासूबाई म्हणाल्या. “आते दोन्ही भाऊ गयात.”

भाऊ ओट्यावरून उतरताना म्हणाला, “आजपाईन तुले माहेर नही.”

त्याने ते पाळले. पुतणीच्या लग्नाची अक्षत आली नाही, आई गेली ते मला तिसऱ्या माणसाकडून कळले. पावराही पुन्हा आला नाही. त्याला कोणी धरल्याचे मात्र मी कधी ऐकले नाही. भावाची भट्टी बसली, त्याचे नुकसान झाले, ते मला कळते. पण ज्याने आख नेला त्याचा वाडा स्टेशनच्या वाटेवर, बाजाराच्या तोंडाशीच होता. भाऊ स्टेशनवर उतरून आला तो त्या वाड्यावरूनच आला असणार. तिथे तो थांबला नाही. भांडायला माझ्या दारात आला, कारण इथून त्याला कोणी चौकीवर नेणार नव्हते.