नव्वदांतले चार

सन एकोणीसशे अठ्ठेचाळीस. माझं वय चोवीस. शाळा तिसरीपर्यंत, पण हिशेबात मला कुणी हरवलेलं नव्हतं आणि ते मी गावभर सांगत असे.

निजामाचे शेवटचे दिवस. बेंबळीच्या बाजूला रझाकारांच्या धाडी पडत होत्या. बायकापोरं सरहद्दीपलीकडं सोलापूरकडं न्यायची की गावातच ठेवायची, यावर पारावर भांडण चाललेलं. माझा पोरगा दोन महिन्यांचा होता. मी ठणकावून सांगितलं, "नव्वद घरं, घरटी एक गडी. नव्वद गडी असताना पळायचं कशाला?" बंधारा घालायचा असो की जत्रेचा मांडव, आमच्यात घरटी एक गडी निघतो. तोच हिशेब मी लढाईला लावला.

माझे चुलते ब्रह्मदेशच्या लढाईतून हवालदार होऊन आलेले. म्हणाले, "आण तुझे नव्वद. बघू दे."

दुपारी सगळे मारुतीपुढं उभे राहिले. गर्दी बघून माझी छाती फुगली.

काकांनी आधी म्हातारे आणि तापानं फणफणलेले खाली बसवले. पंधरा गेले. एक म्हातारा बसेना.

"अरे, म्या नुसता खोकलो तरी धाड पळंल!"

"पळंल की. पण खोकला थांबला की परत येईल. बसा तुम्ही."

मग म्हणाले, "माणूस झोपतो, जेवतो, रानात जातो. तीन पाळ्या करा." पन्नास बसले. पंचवीस उरले. एक जण सांगावा घेऊन पळायला काढला. उरलेले चोवीस त्यांनी दोन वेशी, विहीर, खळी, मागची वाट आणि ओढा अशा सहा जागी वाटले. मला तिघांबरोबर ओढ्याच्या अंगाला उभं केलं.

"धाड इकडून आली, तर हे तुझे नव्वद."

मी मागं पाहिलं. सगळं गाव खाली बसलेलं आणि इथं आम्ही चौघं. पाटी न्हाय, पेन्सिल न्हाय, नुसती माणसं बसवत त्यांनी लढाई मोजली होती.

"काका, पलटणीत असंच मोजत्यात?"

"तिथलं लई मोठं. एक बंदूकवाला उभा करायचा तर मागं भाकरीवाला, पाणीवाला, खेचरवाला, दवावाला. हजारोंचं असं मांडणारे साहेब तंबूत बसलेले असायचे."

जगात एवढं मोठं गणित असंल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आपण काय नि आपली तिसरी काय! तरी चुकलो असं मी म्हणालो नाही. आजवर म्हणालेलो नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गाडीत कडबा अंथरला, बायकोला आणि पोराला वर बसवलं आणि बैल सरहद्दीच्या वाटेला लावले. गावातून निघालेली पहिली गाडी माझी होती.