ड्वेनला नावं सांगणारी टँटी इस्मे

आमच्या टँटी इस्मेला, म्हणजे इस्मेमावशीला, गावात कुणी भीत नसे, पण तिच्या पुस्तकांना मोठी माणसंसुद्धा टरकून असत. दिवसभर ती शाळेचे गणवेश शिवायची आणि उरलेल्या वेळात पोरांसाठी भुताच्या कादंबऱ्या लिहायची. शहरातून प्रती काढून आणायच्या आणि गणवेशाच्याच खाकी दोऱ्याने मशीनवर शिवायच्या. मग त्या शाळेच्या कपाटात. माझ्या लेकीला, केटुराला, धड्याचं पान उलटायचं जिवावर येई, पण इस्मेचं पुस्तक ती जेवतानाही खाली ठेवत नसे.

नवी कादंबरी ड्वेनवर होती. बाप्तिस्मा होऊन नाव मिळण्याआधीच मेलेल्या मुलाचा ड्वेन होतो, असं आमच्याकडे मानतात: पावलं उलटी, डोक्यावर भली मोठी टोपी, चेहऱ्याचा पत्ता नाही. त्याला एखाद्या पोराचं नाव कळलं की तो हाका मारून रानात नेतो. म्हणून दिवेलागणीला आमच्याकडे कुणी अंगणातून पोरांना नावाने बोलावत नाही. आणि या बाईने, पोरांनी हट्ट केला म्हणून, त्यांची खरी नावं पुस्तकात घातली!

शाळेत सभा भरली. थाडियसची आई मर्लिस तावातावाने उठली. "टँटी, तू ड्वेनला घरचा पत्ताच दिलास की!"

"ड्वेनला वाचता येतं होय?" इस्मे म्हणाली. "मग तुझ्या नवऱ्यापेक्षा बरा."

हेडमास्तर लेझामा शाईची बाटली घेऊनच आले होते. "नावांवर शाई फिरवा. नाहीतर तुमची सगळी पुस्तकं आजच कपाटाबाहेर."

"एकही नाव खोडणार नाही," इस्मे म्हणाली. "आमच्या घरी एक जण असा गेला, की खोडायलासुद्धा नाव नव्हतं."

तिचा धाकटा भाऊ जन्मला तेव्हा नदीला पूर होता, पाद्री पलीकडे अडकला आणि पोर बाप्तिस्म्याविनाच गेलं. आईने पुढे त्याचा विषयही काढू दिला नाही. पुस्तकातला ड्वेन तोच होता. शेवटी पोरं त्याला नाव देतात, आल्बन.

एवढ्यात बाहेर अंधारून आलं. पोरं मैदानात क्रिकेट खेळत होती. आया दाराकडे धावल्या. "ए लाल बनियन! ए शेंबड्या! आत ये!"

माझी केटुरा मात्र कुंपणाच्या भिंतीवर चढली आणि रानाकडे तोंड करून ओरडली, "मी केटुरा! केटुरा चार्ल्स! काय करायचंय ते कर!"

मला भीती वाटली, पण खरं सांगते, छातीही फुगली. तिच्या शेजारी मर्लिसचा मुलगा चढला. "मी थाडियस!" मग एकेक करत सगळीच.

"आता कुठे कुठे शाई फिरवणार, सर?" मी विचारलं.

लेझामांनी बाटलीचं झाकण लावलं. "राहू द्या पुस्तकं," ते पुटपुटले.

इस्मे मात्र ऐकायला थांबलीच नव्हती. ती पायरीवर उभी राहिली आणि आम्ही कधी ऐकला नव्हता अशा आवाजात तिने हाक मारली, "आल्बन! अंधार पडला रे! चल घरी, जेवायचंय!"

दारात उभी असलेली मर्लिस आत येणाऱ्याला वाट देण्यासाठी बाजूला सरकली.