मोराचं पीस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सुजाताला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं फारसं काही लपून राहत नाही. त्या दिवशी ती रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, ड्यूटीवर होती, म्हणून हे राहून गेलं. संध्याकाळी तिनं विचारलं, ट्रिप कशी झाली? मी इथल्या भाषेत म्हणालो, स्वीट ॲज, एकदम मस्त. बाबा तिथंच सोफ्यावर बसून बूट काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. ओळखीच्या माणसांना सांगायचं तर आधी बरंच काही निस्तरावं लागेल, आणि तेवढी धमक माझ्यात असती तर हे घडलंच नसतं.

मी मोरे. ऑकलंडला माउंट रॉस्किलमध्ये भाड्याच्या घरात राहतो, ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात मशीन डिझाइनचं काम करतो. गाव परभणीकडचं, दुधना नदीच्या काठचं. आम्ही बौद्ध. बघा, लिहिताना किती सहज लिहून गेलो. इथल्या मराठी मंडळींसमोर मात्र इतक्या वर्षांत हे दोन शब्द एकदाही माझ्या तोंडून निघालेले नाहीत.

मोरे हे आडनाव सोयीचं आहे. मराठ्यांत मोरे आहेत, आमच्यात आहेत. नवीन आलो तेव्हा एका पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं आपापला पदार्थ आणायच्या जेवणाला, प्रशांत भेटला — साताऱ्याचा, आयटीतला, दिलदार माणूस. म्हणाला, मोरे म्हणजे आपलेच की. मी हसलो. एवढंच केलं मी — हसलो. हसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं मी घरी येताना बसमध्ये स्वतःला समजावलं. मग प्रशांतनं गाडी घ्यायला मदत केली. सुजाता आजारी होती तेव्हा त्याच्या बायकोनं डबे पाठवले. आमची मैत्रेयी त्याच्या मुलांबरोबर पोहायला शिकली. हे सगळं मला 'आपला' म्हणून मिळालं, की नुसता शेजारचा माणूस म्हणूनही मिळालं असतं? तपासून बघायची माझी कधी छाती झाली नाही. त्याच बैठकांमध्ये कुणाच्या तरी प्रमोशनचा विषय निघाला की कुणीतरी हळूच 'कोट्यातला असेल' म्हणायचं आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. माझं हसणं एव्हाना बरंच तयार झालं होतं.

घरात बुद्धाची मूर्ती हॉलमध्ये आहे. बुद्ध इथं कुणाच्याही घरात असतो, गार्डन सेंटरमध्ये कुंड्यांच्या शेजारी मिळतो, त्यावरून कुणाला काही कळत नाही. कळतं ते निळ्या सुटातल्या फोटोवरून. तो फोटो बेडरूममध्ये आहे. मंडळी आली की आम्ही बेडरूमचं दार लोटून घेतो.

आणि माझे बाबा कसे? जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. फोन उचलला की जय भीम. बँकेत, दवाखान्यात, तहसील कचेरीत — जय भीम. नोकरीच्या पहिल्या गावात त्यांना सांगितलं गेलं, मास्तर, इथं रामराम म्हणायचा. बाबांनी आडगावची बदली पत्करली, पण रामराम म्हटला नाही. लहानपणी ही गोष्ट मी मित्रांना फुशारकीनं सांगत असे.

ते आमच्याकडे आले तेव्हा इथला वसंत सुरू होता. प्रशांतचे वडील, अण्णा, तेही आलेले होते. म्हणून प्रशांतनं सगळ्यांसाठी एक दिवसाची सहल ठरवली. मिनीबसनं वायकाटो नदीच्या मुखाकडे जायचं, तिथं नदी फुटून बेटाबेटांमधून वाहते, त्या फाट्यांतून सपाट बोटीनं फिरायचं, एका शेतावर जेवायचं आणि शेवटी नदी समुद्राला मिळते ते ठिकाण बघायचं. सोबत हेमी नावाचा माओरी गाइड. ऐकून बाबा लहान मुलासारखे खूश झाले. आमची दुधना उन्हाळ्यात पार आटून जाते. नदी समुद्राला भेटताना त्यांनी जन्मात पाहिलेली नव्हती.

हेमीची एक रीत होती. बोटीत बसण्यापूर्वी प्रत्येकानं आपला डोंगर कुठला, नदी कुठली, आपली माणसं कुठली ते सांगायचं. माओरी लोक अशीच ओळख देतात, पेपेहा म्हणतात त्याला. मैत्रेयी शाळेत हे शिकली होती. ती आजोबांच्या मागे लागली, आणि आठवडाभर आमच्या स्वयंपाकघरात आजोबा-नातीची तालीम चालली. डोंगराचीच अडचण होती, कारण आमच्या गावाला डोंगर नाही. शेवटी माळावरच्या टेकडीला बढती मिळाली. नदीबद्दल मात्र बाबांना काही शोधावं लागलं नाही. इंग्रजीत, मास्तरी उच्चारात, एकेक शब्द सुटा करून ते म्हणायचे — माझी नदी दुधना. आम्ही खालच्या अंगाला राहायचो. वरच्या घाटावर आम्हाला पाणी भरू देत नसत. तरी नदी माझीच. आणि मग, जय भीम.

मी कांदा चिरत ऐकत होतो. खालच्या अंगाला! इथल्या माणसाला त्यातून काही कळणार नाही. पण महाराष्ट्रातल्या माणसाला? गावात खालच्या अंगाला कोण राहतं हे अण्णांसारख्या माणसाला वेगळं सांगावं लागतं का?

तेव्हाच बोलायला हवं होतं. एक तर बाबांशी, नाहीतर प्रशांतशी. मी सहलीच्या सकाळपर्यंत थांबलो, मैत्रेयी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, शोधायला आत गेली ती संधी साधली आणि ड्राइव्हवेत गाडीचं दार धरून बाबांना म्हणालो, "बाबा, तिथं जय भीम नको."

"मग काय म्हणू?"

"किया ओरा म्हणा. इथलं आहे, सगळे म्हणतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही, उभं आयुष्य शाळेत गेलेलं. म्हणाले, "बरं." एवढंच. ज्या माणसानं गाव सोडलं पण रामराम म्हटला नाही, तो माझ्या ड्राइव्हवेत बरं म्हणाला. आणि मला काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

धक्क्यावर हेमीनं आधी स्वतःची ओळख दिली, मग एकेकाला पुढं बोलावलं. अण्णांनी अजिंक्यतारा आणि कृष्णा सांगितली. कृष्णा म्हणताना त्यांचा आवाज भरून आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग हेमी बाबांकडे वळला. बाबांनी शर्ट नीट केला, घसा साफ केला आणि एक पाऊल पुढं टाकलं. ते पाऊल मला अजून दिसतं. मी त्यांच्या पुढं गेलो. हेमीला इंग्रजीत म्हणालो, माझ्या वडिलांना इंग्रजी येत नाही, ते थकलेतही, त्यांच्या वतीनं मीच सांगतो. आणि मी सह्याद्री सांगितला, आणि गोदावरी सांगितली. सगळ्यांना चालेल अशी मोठी, पवित्र नदी. दुधनेचं पाणी शेवटी जातं तिकडंच, अशी पळवाटही मनात तयार ठेवली होती.

"बट डॅड," मैत्रेयी म्हणाली, "आजोबा प्रॅक्टिस्ड हीप्स."

"लेटर," मी म्हणालो.

बाबा एक पाऊल मागं सरले. त्यांचं इंग्रजी ऐकून शिकलेली पोरं आज कुठं कुठं आहेत, आणि मी म्हणालो, त्यांना इंग्रजी येत नाही. ते इंग्रजी न येणाऱ्या माणसासारखे हसले आणि बोटीत बसले.

इथवर थांबलं असतं तरी — नाही, तरीही हा कबुलीजबाबच झाला असता. पण थांबलं नाही.

बोट बेटांमधून फिरली. वाकलेले विलो, पाण्यात खांबांवर उभ्या कोळ्यांच्या खोल्या, सपाट हिरव्या कुरणांत गायी. दुपारी शेतावरच्या शेडमध्ये जेवण होतं. व्हाइटबेट म्हणून दोऱ्याएवढे पारदर्शक मासे असतात, ते अंड्यात घालून धिरड्यासारखे तव्यावर टाकलेले. अण्णा बाबांच्या शेजारी बसले. भला माणूस, मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या. दोन म्हातारी मराठी माणसं परदेशात भेटली की बोलतात तसं बोलत होते. म्हणाले, आमची एक सोयरीक मोऱ्यांकडेच झालीय, तुम्ही कोणते मोरे? परभणीकडे कधी गेले तुमचे? मग म्हणाले, "देवक कोणतं तुमचं?"

देवक म्हणजे लग्नात पुजायचं कुळाचं चिन्ह. आमच्याकडे देवक नाही. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातून देव आणि देवकं गेली. बाबांनी अंड्याचा तुकडा ताटात ठेवला. ते तोंड उघडणार होते. काय म्हणणार होते, हे तुम्हाला कळतं, मला कळलं होतं.

मी टेबलाच्या पलीकडून म्हणालो, "मोराचं पीस."

आता खरी गोष्ट सांगतो, कारण इतकं सगळं याच्यासाठीच लिहितोय. ते उत्तर मला त्या क्षणी सुचलं नव्हतं. ते मला पाठ होतं. पहिल्या पॉटलकनंतर त्याच आठवड्यात मी फोनवर शोधून ठेवलं होतं — मराठ्यांतल्या मोऱ्यांचं देवक काय, गोत्र काय, कुळ कुठलं. कुणीतरी, कधीतरी विचारील म्हणून. लहानपणी पाढे पाठ केले तसं केलं होतं. बाबांना माझ्या तोंडून ते इतकं चटकन आलेलं ऐकू आलं, आणि मास्तरांना घोकलेलं उत्तर ओळखू येतंच.

"अस्सल की मग," अण्णा म्हणाले आणि बाबांकडे वळले. "हो ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला हे सगळं पेलता आलं असतं. ते फक्त बघत होते, मी नक्की काय मागतोय ते समजून घेत. मी मान खाली घातली नाही, हे लक्षात ठेवा. मी त्यांच्या डोळ्यांत बघत होतो — विनवणी करत होतो म्हणा, किंवा दटावत होतो म्हणा.

"हो," बाबा म्हणाले.

मी खोटं बोललो, ते माझं. पण त्यांच्या तोंडून ते 'हो' मी काढलं. जे अख्ख्या गावाला जमलं नाही, ते त्यांच्या पोटच्या पोरानं जेवणाच्या टेबलावर करून दाखवलं. त्यांनी पुढं धिरडं खाल्लं नाही. अण्णांनी विचारलं तर म्हणाले, मासे सोसत नाहीत.

जेवणानंतरच्या फेरीत ते बोटीच्या मागच्या टोकाला हेमीजवळ जाऊन बसले. मुख जवळ आलं होतं, पुढं काळी वाळू आणि समुद्राची पांढरी रेघ दिसत होती, सगळे पुढच्या बाजूला फोटो काढत होते. मी मागं वळून बघितलं. बाबा इंग्रजीत बोलत होते. इंजिनाच्या आवाजात शब्द कळत नव्हते, पण हात दिसत होते. एक हात उंच धरला होता. दुसरा हात त्यांनी सावकाश खाली नेला, आणि त्या खालच्या हाताच्या पलीकडे पाणी वाहतंय तशी बोटं हलवली. हेमी मान डोलवत ऐकत होता. मग त्यानं मागच्या एका बेटाकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं, आणि बाबांनी त्याचा हात धरला.

आणि मी? माझ्या मनात काय आलं? मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी हे बघितलं तर नाही ना, हे मी आधी तपासलं. ते समुद्राचा फोटो काढत होते. मला हायसं वाटलं. बाबांनी नदी समुद्राला मिळताना पाहिली की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी अण्णांवर नजर ठेवून होतो.

धक्क्यावर उतरल्यावर हेमीनं सगळ्यांशी हात मिळवले. बाबांच्या मात्र माओरी रीतीनं कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक लावून तो क्षणभर उभा राहिला. प्रशांत मला म्हणाला, "काकांची बरीच गट्टी जमली की रे." मी म्हणालो, "बाबा म्हणजे, कुणाशीही जमतं त्यांचं."

बाबा राहिलेले दिवस नातीबरोबर पार्कात फिरले, सुजाताला मेथी निवडून दिली, ठरल्या दिवशी विमानात बसले. मी एअरपोर्टवर पाया पडलो तेव्हा त्यांनी पाठीवर हात ठेवला. हात ठेवला — थोपटलं नाही.

आता ते दर रविवारी फोन करतात. पूर्वी माझा आवाज आला की म्हणायचे, जय भीम, बाळा. आता म्हणतात, हॅलो. तब्येत विचारतात, पाऊस विचारतात, आणि म्हणतात, मैत्रेयीला दे. ती फोन स्पीकरवर टाकून खोलीभर फिरते, आणि मला ऐकू येतं, जय भीम, बेटा. ती ओरडून म्हणते, जय भीम आजोबा! मराठीतलं एवढंच ती न अडखळता बोलते. माझ्यापुरतं त्यांनी ते बंद केलंय. मी नको म्हणालो होतो ना. ते माझा शब्द पाळतायत.

गेल्या रविवारी प्रशांत आमच्या हॉलमध्ये बसला होता. अण्णांचा निरोप घेऊन आला होता, काकांना नमस्कार सांगायला सांगितलाय म्हणून. तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन वाजला. स्क्रीनवर 'बाबा' आलं. प्रशांत म्हणाला, "घे की, मीही बोलतो काकांशी." मैत्रेयी आतून धावत येत होती.

मी फोन बंद करून खिशात टाकला आणि प्रशांतला विचारलं, चहा घेणार का.